बीफस्टेक, भडित्र आणि चानी : कृष्णाकाठच्या मांसपाकाचा शब्देतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या भाषेतील पाकविषयक शब्दसंग्रहात त्या समाजाच्या रुचीबरोबरच त्याची शेती, त्याचे हवामान आणि त्याची सामाजिक रचना यांचीही नोंद झालेली असते. इंग्रजी अंमलाबरोबर मराठीत जे खाद्यवाचक शब्द आले त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले तर या विधानाची सत्यता पटते. ‘मटण’ हा शब्द इतका घरचा झाला की त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘कटलेट’ बटाट्याचे होऊन शाकाहारी स्वयंपाकघरांतही रुळले. ‘बीफस्टेक’ हा शब्द मात्र उंबरठ्याबाहेरच राहिला. त्याचा अपभ्रंश झाला नाही, त्याला प्रतिशब्द सुचला नाही, आणि त्यावरून एखादी म्हणही घडली नाही.

याचे कारण धार्मिक निषेधात आहे, असे उत्तर चटकन दिले जाते. ते खोटे नाही. पण ते पुरेसेही नाही. मराठी बोलणाऱ्या समाजात गोवंशाचे मांस खाणारे गट शतकानुशतके होते. त्यांच्या बोलींत या मांसाचे, त्याच्या भागांचे आणि ते टिकविण्याच्या रीतींचे शब्द आहेत. असे असूनही ज्याला इंग्रजीत स्टेक म्हणतात, म्हणजे मांसाचा जाड काप थोडा वेळ तीव्र आचेवर भाजून केलेला पदार्थ, त्याचे नाव त्यांच्याही बोलीत नाही. निषेध ज्यांना लागू नव्हता त्यांच्याकडेही जर शब्द नसेल, तर कारण अन्यत्र शोधले पाहिजे. जनावर कोणत्या कामासाठी पाळले जात होते आणि ते कोणत्या वयात व कोणत्या अवस्थेत चुलीपर्यंत पोहोचत होते, या प्रश्नांच्या उत्तरांत ते सापडते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीचा परिसर त्यासाठी विशेष उपयुक्त आहे. बैलाचे श्रम, गाई-म्हशीचे दूध आणि मेलेल्या जनावराची विल्हेवाट या तिन्ही गोष्टींची जुनी वाटणी येथे स्पष्टपणे पाहता येते.

२. ‘बीफ’, ‘स्टेक’ आणि ‘शूल्य’

‘बीफस्टेक’ या जोडशब्दाचे दोन्ही घटक तपासण्याजोगे आहेत. ‘बीफ’ हा शब्द प्राचीन फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘बोस’ या गोवाचक शब्दात आहे. लॅटिन ‘बोस’, इंग्रजी ‘काऊ’ आणि संस्कृत ‘गो’ हे तिन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय मूळशब्दाची अपत्ये होत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथे जिवंत जनावराचे नाव राखणाऱ्याच्या भाषेत राहिले आणि ताटातील मांसाचे नाव राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून रूढ झाले, हे भाषाभ्यासकांना सुपरिचित आहे. ‘मटण’ हाही याच प्रवासातील शब्द. फ्रेंचमध्ये तो मेंढ्याचा वाचक होता. मराठीत येऊन तो मुख्यतः बोकडाच्या मांसाला लागला.

‘स्टेक’ हा दुसरा घटक प्राचीन नॉर्स भाषेतील आहे. तेथील ‘स्टेइक’ म्हणजे भाजलेले मांस. संबंधित क्रियापदाचा मूळ अर्थ काठीला अथवा सळईला टोचून भाजणे असा आहे. इंग्रजीतील ‘स्टिक’, म्हणजे काठी, हा शब्दही त्याच कुळातला. संस्कृतात याच कल्पनेवर ‘शूल्य’ हा शब्द बनलेला आहे. शूलावर संस्कारिलेले ते शूल्य आणि उखेत, म्हणजे भांड्यात, शिजविलेले ते उख्य, अशी जोडी पाणिनीने एकाच सूत्रात (४.२.१७) साधली आहे. अमरकोशात शूलाकृत, भटित्र आणि शूल्य हे शब्द समानार्थी म्हणून येतात. सारांश, ‘बीफस्टेक’ या शब्दाचा पूर्वार्ध ‘गो’चा सगोत्र आहे आणि उत्तरार्ध अर्थाने ‘शूल्य’चा सोबती आहे. इतका जवळचा नातेसंबंध असताना मराठीत त्याला जागा मिळाली नाही, म्हणून प्रश्न अधिकच लक्षणीय ठरतो.

‘भटित्र’ हा शब्द केवळ कोशात राहिलेला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या शके १०५१ (इ. स. ११२९) मधील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, अन्नभोगाच्या प्रकरणात, ‘भडित्रक’ हा निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा प्रकार येतो. त्या वेळी कोल्हापूरचे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते आणि शिलाहार राजा गंडरादित्य हा सोमेश्वराचा समकालीन होय. मानसोल्लासातील पाकविधी म्हणूनच या भूभागाला परके नव्हेत. डुक्कर, हरिण, बोकड, पक्षी, मासे, कासव, इतकेच काय, शेतातील उंदीर यांचेही पाक त्या प्रकरणात सांगितले आहेत. गोमांसाचा पाक मात्र नाही. वैदिक वाङ्मयातील गोमांसाचे उल्लेख आणि पुढे त्याची कलिवर्ज्यांत झालेली गणना यांची साधार चर्चा महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात केलेली आहे. बाराव्या शतकातील दख्खनच्या राजपंगतीत त्या परिवर्तनाचा परिणाम स्थिर झालेला होता, एवढे येथे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

३. स्टेकची पाकक्रिया आणि तिच्या अटी

स्टेक घरी उत्तम कसा करावा, याचा विधी थोडका आहे. पाठीच्या कण्यालगतचा, जनावराच्या हालचालीत फारसा न राबणारा भाग घ्यावा. मुंबई-गोव्याकडील खाटिक त्यास ‘अंडरकट’ म्हणतात. काप सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा असावा. त्याचा पृष्ठभाग फडक्याने पूर्ण कोरडा करावा. कारण पाणी उडून जाईपर्यंत पृष्ठभागाचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर चढत नाही आणि मांस भाजण्याऐवजी वाफेवर शिजते. मीठ लावून, धूर येईपर्यंत तापलेल्या जाड बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे भाजावी. आतील तापमान ५५ अंशांच्या आसपास असता मांस लालसर व रसरशीत राहते. ७० च्या पुढे गेल्यास ते कोरडे व चिवट होते. तव्यावरून उतरविल्यावर पाच मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे रस आत मुरतो. नंतर तंतूंच्या आडवे कापावे. कापताना सुटणारा लाल द्रव रक्त नसून मायोग्लोबिन या स्नायूतील रंगद्रव्याने रंगलेले पाणी असते.

या पदार्थाचा तपकिरी, सुगंधी पापुद्रा प्रथिने आणि शर्करा यांच्या परस्परक्रियेने साधारणतः १४० अंशांच्या वर वेगाने तयार होतो. लुई कामीय माय्यार या फ्रेंच रसायनज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. मराठीला ही गोष्ट अपरिचित नाही. भाकरीच्या, थालीपिठाच्या आणि भाजलेल्या वांग्याच्या संदर्भात ‘खरपूस’ हे विशेषण नेमके हीच अवस्था दर्शविते. क्रियापदांचीही वाण नाही. ‘भाजणे’ हे संस्कृत भृज्ज् धातूपासून, ‘शिजणे’ हे सिध्यति या रूपापासून, ‘परतणे’ हे परिवर्तयति या रूपापासून प्राकृताच्या द्वारे मराठीत आलेले आहे. मात्र इंग्रजीत ज्या क्रियांना चार-पाच वेगळी क्रियापदे आहेत त्या सर्वांवर मराठी ‘भाजणे’ हे एकच क्रियापद योजते. शेजारच्या कन्नडात प्रत्यक्ष विस्तवावर भाजणे ते ‘सुडु’ आणि कोरड्या भांड्यात भाजणे ते ‘हुरि’ असा भेद आहे. कृष्णाकाठचा मराठी शेतकरी मात्र वांगे निखाऱ्यात भाजतो, भाकरी तव्यावर भाजतो आणि शेंगदाणेही भाजतोच.

तेव्हा क्रिया आहे, क्रियापद आहे, विशेषणही आहे. नाम तेवढे नाही. कारण या पाकक्रियेची खरी अट तव्यावर येण्यापूर्वीची आहे. थोड्या वेळात, पाण्यावाचून भाजलेले मांस खाण्याजोगे व्हावयाचे तर ते मुळातच कोवळे असले पाहिजे. त्यासाठी जनावर तरुण, श्रम न केलेले आणि पोसलेले लागते. शिवाय मारल्यानंतर त्याचे मांस गोठणबिंदूच्या किंचित वरच्या थंडाव्यात दोन-तीन आठवडे टांगून ठेवल्यास त्यातील द्रव्यांच्याच क्रियेने तंतू सैल होतात. उलट, वर्षानुवर्षे राबलेल्या जनावराच्या स्नायूंत कोलॅजन या संयोजक द्रव्याचे जाळे घट्ट झालेले असते. ते तव्यावरच्या पाच मिनिटांत आकसते आणि मांस चामड्यासारखे होते. त्याला मऊ करण्यास पाण्यात तासन्‌तास मंद शिजविणे हाच उपाय आहे. तेव्हा कोठे त्या कोलॅजनचे जिलेटीन होते.

४. इंग्लंडचा बैल आणि कृष्णाकाठचा बैल

या अटी इंग्लंडातही सर्वकाळ पूर्ण होत नव्हत्या. मध्ययुगात तेथेही नांगराला बैल जुंपत आणि म्हातारे झाल्यावर ते कापीत. पुढे नांगराचे काम उत्तरोत्तर घोड्यांकडे गेले. सलगम आणि क्लोव्हर यांसारख्या चाऱ्याच्या पिकांमुळे जनावरे हिवाळाभर पोसणे शक्य झाले. अठराव्या शतकात लेस्टरशरमधील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) याच्यासारख्या पैदासकारांनी निवडक पैदाशीचा पाठपुरावा केला आणि मांसाकरिता गुरे वाढविण्याची पद्धत स्थिरावली. लंडनमध्ये ‘सब्लाइम सोसायटी ऑफ बीफ स्टेक्स’ हे मंडळ १७३५ मध्ये स्थापन झाले. स्टेक हा इंग्रजांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून गाजू लागला तो असा, बैल जुवातून सुटू लागल्यानंतर. फ्रेंचांनी ‘बिफ्तेक’, इटालियनांनी ‘बिस्तेक्का’ आणि पोर्तुगीजांनी ‘बीफ’ असे शब्द इंग्रजीवरूनच घेतले.

कृष्णाकाठी बैल जुवातून सुटला नव्हता. काळी, भारी जमीन उलथण्यासाठी लाकडी नांगराला अनेक बैलजोड्या लागत. विहिरीवरची मोट बैलच ओढीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या टापूतील खिल्लार ही जात नेमकी याच कामासाठी जोपासलेली आहे: उंच, काटक, चपळ, लांब शिंगांची आणि अंगावर मांस न धरणारी. ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातील महाराष्ट्रीय बेंदूर या दोन्ही सणांना बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळीचा घास देण्याची चाल या टापूत आहे. ज्याच्या श्रमावर वर्षाचे धान्य अवलंबून त्याला कोवळ्या वयात कापणे हे शेतकऱ्याच्या हिशेबात बसणारे नव्हते; मग त्याचा धर्म कोणताही असो.

हवामानानेही तोच निर्णय दिला होता. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांवर जाणाऱ्या प्रदेशात बर्फाच्या कारखान्यापूर्वी मांस आठवडाभर टांगून मुरविणे अशक्य होते. ते त्याच दिवशी शिजवावे किंवा वाळवावे, एवढेच दोन मार्ग मोकळे होते. पुण्या-खडकीच्या व बेळगावच्या छावण्यांतील गोऱ्या पलटणींसाठी राबणाऱ्या आचाऱ्यांनाही याच अडचणींशी झगडावे लागले असणार. मांस ठेचून मऊ करणे किंवा त्याला कच्च्या पपईचा कीस चोळणे हे दख्खनी खानसाम्यांचे उपाय याच कारणाने अर्थपूर्ण ठरतात.

५. नृसिंहवाडीचा परिसर

शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी हे दत्तसंप्रदायाचे पीठ. श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य करून पुढे गाणगापुरास प्रयाण केले, असे संप्रदायाची परंपरा मानते. पादुकांच्या मंदिरावर शिखर नाही. आदिलशाही काळात औरवाड आणि गौरवाड ही गावे देवस्थानास इनाम मिळाल्याचे परंपरा सांगते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी गाभाऱ्यात शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्यास भाविक गर्दी करतात. पूर ओसरल्यावर मागे राहणाऱ्या मळीच्या जमिनीत कृष्णाकाठची प्रसिद्ध वांगी पिकतात.

या क्षेत्राच्या आख्यायिकांत अन्नाला मोठे स्थान आहे. सरस्वती गंगाधराच्या गुरुचरित्रातील अठराव्या अध्यायात अमरापुरच्या दरिद्री ब्राह्मणाची कथा येते. दारच्या घेवड्याच्या शेंगांवर त्याचे कुटुंब गुजराण करी. श्रीगुरूंनी त्या शेंगांच्या भाजीची भिक्षा घेतली, जाताना वेल उपटला आणि मुळाशी द्रव्याचा कुंभ सापडला. जवळच शिरोळ येथे भोजनपात्राचे मंदिर आहे. एका शेंगभाजीवर आणि एका भोजनपात्रावर ज्या क्षेत्राची स्मृती उभी आहे तेथील सोवळ्याच्या स्वयंपाकाला मांसाचा स्पर्शही नसणार, हे उघड आहे. गुरांनी या स्वयंपाकाला दिले ते दूध. वाडीची आणि पलीकडच्या कुरुंदवाडची बासुंदी, पेढे व कवठाची बर्फी आजही यात्रेकरू घरी नेतात.

परंतु कोणत्याही गावात मेलेल्या जनावराचा प्रश्न सुटावाच लागतो. जे गाव बैल कापीत नाही त्या गावातही बैल मरतो. त्या क्षणी गावगाड्याची दुसरी बाजू पुढे येते. मेलेले जनावर ओढून नेणे हे महाराचे कर्तव्य होते आणि त्याचे मांस हा त्याच्या मोबदल्याचा भाग गणला जाई. कातडे कमावण्याचे काम ढोराचे आणि वस्तू घडविण्याचे चांभाराचे. त्याच कातड्याची मोट होऊन ती पुन्हा त्याच विहिरीवर चाले. अशा रीतीने बैलाचे श्रम शेतकऱ्याला, गाई-म्हशीचे दूध गावाला व देवाला, आणि मेलेल्या देहाचे मांस गावकुसाबाहेरच्या वस्तीला, अशी वाटणी झाली होती. मराठीतील गोमांसविषयक शब्द या शेवटच्या वस्तीत जन्मले.

६. चानी

त्या शब्दांत ‘चानी’ (अनेकवचन ‘चान्या’) हा सर्वांत महत्त्वाचा होय. जनावर पडले की मांस एकदम पुष्कळ मिळे आणि पुढे कित्येक महिने मिळत नसे. म्हणून ताजे खाऊन उरलेल्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापीत, मिळाल्यास मीठ लावीत आणि दोरीवर टाकून कडक उन्हात वाळवीत. वाळून लाकडासारख्या झालेल्या या पट्ट्या मडक्यात भरून ठेवीत. कामधंदा नसलेल्या पावसाळ्याच्या दिवसांत त्या बाहेर निघत. तुकडे करून तिखट-मीठ घालून पुष्कळ पाण्यात शिजवीत आणि त्या कालवणाबरोबर भाकरी खात. काही वेळा चानी नुसती निखाऱ्यावर भाजीत आणि ठेचून खात. याच संग्रहात रक्ताची ‘रक्ती’, आतड्या-कोथळ्याची ‘वजडी’ आणि मराठवाड्याकडील ‘डल्ली’ हे शब्द येतात. बाहेरच्या जगाशी बोलताना मात्र ‘मोठ्याचे’ एवढेच म्हणण्याची रीत पडली. दख्खनीतील ‘बडे का’ हा प्रयोग तिचाच जोडीदार आहे. नामाऐवजी केवळ विशेषण ठेवून बोलणे हे भयाचे किंवा संकोचाचे भाषिक चिन्ह असते.

या शब्दांचा अर्थक्षेत्र म्हणून विचार केल्यास एक व्यवस्था दिसते. ते टिकविण्याचे, पुरवून खाण्याचे आणि काहीही वाया न घालविण्याचे शब्द आहेत. स्टेकच्या शब्दक्षेत्रात निवड असते: कोणता भाग, किती जाडी, किती भाजलेला. चानीच्या शब्दक्षेत्रात निवडीला वाव नाही. जनावर कोणते, कधी आणि कशाने मरावे हे खाणाऱ्याच्या हाती नव्हते. ‘स्टेक’ला मराठी नाम मिळाले नाही याचे कारण येथे स्पष्ट होते. ज्यांच्याकडे कोवळे मांस निवडण्याची ऐपत होती ते हे मांस खात नव्हते आणि जे खात होते त्यांना निवड नव्हती.

जगाच्या अन्य भागांतही वाळविलेल्या मांसाचे शब्द आहेत. दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेतील ‘चार्की’पासून इंग्रजी ‘जर्की’ झाला. दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांचा ‘बिल्टाँग’ प्रसिद्ध आहे. हे दोन्ही शब्द आज बाजारातील पुड्यांवर छापले जातात. चानीची क्रिया त्यांच्याहून भिन्न नाही. भिन्न आहे ती सामाजिक प्रतिष्ठा. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले आणि मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा सुरू झाली. ती साक्षर घरांतील स्वयंपाकाची परंपरा आहे. चानी तिच्या वाट्यास आली नाही. ती लिखित मराठीत आली प्रथम ताटातील पदार्थ म्हणून नव्हे, तर भुकेच्या आणि अपमानाच्या आठवणींच्या ओघात. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) पासूनची आत्मकथने या जीवनाचे साक्षीदार आहेत. पाककृती या नात्याने तिला सविस्तर स्थान दिले ते शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीचे हे दस्तऐवजीकरण २०२४ मध्ये इंग्रजी अनुवादरूपानेही प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या नावातील ‘अ’ हे एकच अक्षर त्याची भूमिका स्पष्ट करते.

७. गोमंतकातील वेगळी वाट

हा निष्कर्ष पडताळून पाहण्यास गोमंतकाचे उदाहरण साहाय्यक होते. तेथील ख्रिस्ती समाजात हे मांस बहिष्कृताचे अन्न नव्हते. सणासमारंभाच्या मेजावर त्याला मान होता. तेथे नामे आहेत आणि ती पोर्तुगीजांतून आली. इंग्रजीतून पोर्तुगीजांनी घेतलेला ‘बीफ’ शब्द त्या भाषेत कापाचा वाचक आहे, मग मांस कोणतेही असो. ‘असादो’, म्हणजे भाजलेले, यावरून कोकणीत ‘आसाद’ झाला. परंतु पाकक्रिया पाहिली तर आले, लसूण, मिरी आणि व्हिनेगर लावून मुरविलेले मांस झाकलेल्या भांड्यात मंद आचेवर बराच वेळ शिजवितात आणि मग पातळ कापतात. नाव भाजण्याचे आणि कृती शिजविण्याची, अशी ही विसंगती आहे. प्रतिष्ठेमुळे शब्द आला. हवामान आणि जनावर मात्र दख्खनचेच राहिले, म्हणून शूल्याचे नाव घेऊन उख्यच चुलीवर चढले. पाणिनीने जोडीने सांगितलेल्या दोन संस्कारांची अशी अदलाबदल अन्यत्र क्वचितच इतकी स्पष्ट दिसते.

८. त्याग आणि नोंद

चानीचा शब्देतिहास केवळ लोपाचा नाही. त्यात बुद्धिपुरस्सर त्याग आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये महार वतन रद्द करण्याचे पाऊल टाकले. २१ व २२ मार्च १९२० रोजी पंचगंगेच्याच खोऱ्यात, माणगाव येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. १९ व २० मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत मेलेली गुरे ओढण्याचे काम व मृत मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन झाले. १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंधच गोमांसभक्षणाशी जोडून दाखविला. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. ज्या घरांनी मृत मांस सोडले त्यांनी चानी हा शब्दही सोडला. पुढील पिढीने तो ऐकला नाही, आणि तो तिने ऐकू नये हीच मागच्या पिढीची इच्छा होती.

दरम्यान कृष्णाकाठच्या शेतीतही मोठे स्थित्यंतर घडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटेची जागा इंजिनाने व विजेच्या पंपाने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने. अठराव्या शतकातील इंग्लंडप्रमाणे येथेही बैल जुवातून सुटला. केवळ आर्थिक कारणे निर्णायक असती तर यापुढे पोसलेल्या गोऱ्ह्याचा स्टेक येथेही उद्भवला असता. तसे झाले नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येस बंदी होती. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी वैध ठरविली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हैसवर्गीय जनावरांचे मांस या बंदीच्या कक्षेत येत नाही. आज महाराष्ट्रात जो गृहस्थ घरी ‘बीफस्टेक’ करतो त्याच्या तव्यावर प्रायः म्हशीचेच मांस असते आणि ‘बीफ’ हा ‘गो’चा सगोत्र शब्द आपल्या व्युत्पत्तीपासून पुरता सुटलेला असतो. खिल्लार बैल शर्यतीसाठी सांभाळले जातात. त्या शर्यतींना मुभा देणारी राज्याची कायदादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध मानली.

या पार्श्वभूमीवर कोशकारापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. जो शब्द बोलणाऱ्यांनी स्वाभिमानाने टाकून दिला तो कोशात जपावा काय? तो न जपल्यास एका मोठ्या समाजाने शतकानुशतके कमावलेले ज्ञान, मांस कसे टिकवावे, चिवट भाग कसा मऊ करावा, काहीही फुकट कसे जाऊ देऊ नये हे ज्ञान, लिखित मराठीच्या दृष्टीने कधी अस्तित्वातच नव्हते असे ठरेल. तो जपताना त्याभोवतीची सक्ती पुसून टाकली, चानीला केवळ एक विस्मृत रुचकर पदार्थ म्हणून सजविले, तर ती नोंदही असत्य होईल. ‘चानी’ या शब्दापुढे पदार्थाच्या वर्णनाइतकेच तो कोणाला, कोणत्या कामाच्या मोबदल्यात मिळत होता आणि तो कोणी, कोणत्या साली सोडला, हेही लिहिले पाहिजे. शब्दाच्या अर्थातच हा इतिहास समाविष्ट आहे.

मानसोल्लासातील भडित्रक आणि महारवाड्यातील निखाऱ्यावरची चानी यांची कृती एकाच क्रियापदाने सांगता येते. राजाचे मांस भाजत आणि पावसाळ्यातील उपाशी घरची वाळकी पट्टीही भाजत. क्रियापद सर्वांचे एक होते. नामे मात्र गावगाड्याने वाटून दिली, आणि ती वाटणी कशी झाली हे नोंदविल्यावाचून मराठीच्या पाकशब्दांचा कोश पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.